कोरेलीबाईंची एक दमडी

लेखकांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एकाला समीक्षक डोक्यावर घेतात आणि वाचक वाचत नाहीत. दुसऱ्याला वाचक डोक्यावर घेतात आणि समीक्षक वाचत नाहीत. पहिल्याला शाल-नारळ मिळतो, दुसऱ्याला पैसे मिळतात, आणि दोघेही एकमेकांच्या मिळकतीवर डोळा ठेवून उरलेलं आयुष्य काढतात. पण एक तिसराही प्रकार आहे, फार दुर्मीळ. त्याला वाचक डोक्यावर घेतात आणि समीक्षक अगदी मन लावून, पानन् पान वाचून पायाखाली घेतात. या तिसऱ्या प्रकारात जगात पहिला नंबर कुणाचा, असं मला विचाराल तर मी बेलाशक मेरी कोरेलीबाईंचं नाव घेईन.

‘कोण ही बाई?’ असं तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे. तेच तर या लेखाचं निमित्त. 1886 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत इंग्लंडात हा प्रश्न विचारणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. ऐन भरात असताना तिच्या कादंबऱ्यांच्या वर्षाला लाखभर प्रती खपत, आणि त्याच काळात एच. जी. वेल्सच्या पंधरा हजार, असा हिशोब सांगतात. व्हिक्टोरिया राणी तिची पुस्तकं मागवून घेई. तीनदा पंतप्रधान होऊन गेलेले आणि चौथ्यांदा व्हायच्या बेतात असलेले ग्लॅडस्टनसाहेब 1889 मध्ये आपणहून तिच्या घरी गेले. आपल्याकडच्या वाचनालयांतही तिच्या कादंबऱ्यांना मोठी मागणी होती आणि देशी भाषांतून त्यांची भाषांतरं-रूपांतरंही झाली. म्हणजे आपल्या पणजोबांपैकी जे कोणी इंग्रजी शिकले, त्यांतल्या काहींनी मिल आणि स्पेन्सर टेबलावर आणि कोरेली उशाखाली ठेवली असणार!

अशा या बाईंच्या चरित्राची सुरुवात जन्मतारखेने करावी म्हटलं तर तिथेच ठेच लागते. जन्मतारखेचा घोळ आपल्याला नवा नाही. आमच्या बँकेत एकेकाळी निम्म्या लोकांचे वाढदिवस 1 जूनला यायचे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख ठोकून दिलेली असे. पण तो घोळ मास्तरांचा. कोरेलीबाईंनी आपला घोळ स्वतः, विचारपूर्वक आणि कायमचा घातला. त्यांचा जन्म 1855 चा. त्या सांगत 1864. एका फटक्यात नऊ वर्षं खर्ची टाकली! बरं, नुसती तारीखच नव्हे. नाव कोरेली नव्हतं, ते होतं मेरी मॅके. बाप इटालियन, घराणं व्हेनिसचं आणि जुन्या काळचा थोर व्हायोलिनवादक आर्कांजेलो कोरेली हा आपला पूर्वज, असं त्या सांगत. व्हेनिसचा आणि त्यांचा संबंध पुढे एका होडीपुरता आला. त्या होडीकडे आपण नंतर वळू.

खरी हकीकत अशी. चार्ल्स मॅके नावाचा एक स्कॉटिश कवी आणि पत्रकार लंडनात राहत असे. कॉमर्सच्या वाटेने गेलेल्या माणसाने या मॅकेला खरं तर रोज नमस्कार करावा. कारण 1841 मध्ये त्याने एक पुस्तक लिहिलं. माणसांचा जमाव कसा एकदम पिसाळतो, हॉलंडात ट्यूलिपच्या कांद्यापायी लोकांनी घरदार कसं विकलं, कंपनीच्या शेअरांपायी अख्खं लंडन कसं बुडालं, याच्या रसभरित कथा त्यात आहेत. आजही शेअरबाजार कोसळला की पंडित लोक मॅकेचं हे पुस्तक उघडतात. बाजार चढत असताना मात्र कोणी उघडत नाही, ही गोष्ट वेगळी!

तर जनतेच्या वेडावर ग्रंथ लिहिणाऱ्या या गृहस्थाच्या पोटी, जनतेला वेड लावणारी मुलगी जन्माला आली. पण मॅकेच्या बायकोच्या पोटी नव्हे. एलिझाबेथ मिल्स नावाच्या एका बाईशी त्याचे संबंध होते. मेरी ही, चरित्रकारांच्या जवळजवळ एकमुखी मतानुसार, त्या दोघांची मुलगी. पहिली बायको वारल्यावर 1861 मध्ये मॅकेने एलिझाबेथशी रीतसर लग्न केलं. आता प्रश्न आला सहा वर्षांच्या मुलीचा. लग्न आताचं आणि मुलगी आधीची हे व्हिक्टोरियन इंग्लंडला कसं सांगणार? तिथे टेबलाचे पाय उघडे दिसले तरी लोक लाजत, अशी थट्टा आपण ऐकतो. मग मुलीच्या पायांची काय कथा! तेव्हा मॅके पतिपत्नींनी जाहीर केलं, की ही मिनी आमची दत्तक मुलगी.

सख्ख्या आईबापांनी आपल्याच मुलीला दत्तक घेतल्याची उदाहरणं फार नसावीत. पण इथे जरा थांबायला हवं. कोरेलीबाईंना पुढे लोक आयुष्यभर ‘थापाडी’ म्हणून हसले. त्यातली पहिली थाप त्यांची नव्हतीच. ती त्यांना सहाव्या वर्षी, घरातून, आईबापांच्या हातून मिळाली होती. खरं बोललं असतं तर आई बदनाम, बाप बदनाम, आणि स्वतःच्या कपाळावर त्या काळी पुसता न येणारा शिक्का. ज्या मुलीला स्वतःचा बाप ‘बाप’ म्हणून सांगायची सोय नाही, तिने पुढे एक चांगलासा बाप स्वतःच बनवला, आणि बनवायचाच तर व्हेनिसचा बनवला. यात तिचं काय चुकलं?

मिनी पियानो उत्तम वाजवी. वादनाच्या धंद्यात पडायचं म्हणून तिने कोरेली हे नाव घेतलं, 1884 मध्ये लंडनात एक कार्यक्रमही केला. पण घरात बाप थकलेला, मिळकत आटलेली. पियानोच्या सुरांवर घरभाडं निघत नाही हे तिच्या लवकर लक्षात आलं आणि ती कादंबरीकडे वळली. पहिली कादंबरी ‘अ रोमान्स ऑफ टू वर्ल्ड्‌स’ तिने बेंटली या नामांकित प्रकाशकाकडे पाठवली. प्रकाशकाकडे हस्तलिखितं वाचून मत देणारे विद्वान असतात. त्या सगळ्यांनी एकमुखाने कळवलं, की हे बाड परत पाठवा. बेंटलीही मोठा खमक्या. हे सगळे विद्वान एकाच मताचे कसे झाले याचाच त्याला संशय आला. त्याने बाड स्वतः वाचलं आणि छापलं!

1886 साली निघालेल्या त्या कादंबरीत काय नव्हतं ते विचारा. आजारी पियानोवादक नायिका, तिला बरा करणारा हेलिओबास नावाचा खाल्डियन सिद्धपुरुष, देहातून निघून ताऱ्यांमधून फिरून येणारा आत्मा, आणि सगळ्यावर कडी म्हणजे विजेवर चालणारा धर्म! ईश्वर आणि विद्युतशक्ती यांची सांगड. घरोघरी विजेचे दिवेसुद्धा आले नव्हते तेव्हा बाईंनी थेट मोक्षाचं कनेक्शन दिलं. डार्विनने ज्यांची झोप उडवली होती आणि चर्चमध्ये ज्यांना पुन्हा झोप येत होती, अशा हजारो माणसांना हवं होतं ते नेमकं हेच. त्यांनी बाईंना पत्रांवर पत्रं लिहिली.

त्याच वर्षी आलेली ‘व्हेंडेटा’ याहून झणझणीत. नेपल्सला कॉलऱ्याची साथ. काउंट फाबियो मेला असं समजून त्याला घाईने पुरतात. तो शवपेटीत जागा होतो, बाहेर येतो, केस एका रात्रीत पांढरे झालेले. घरी येऊन पाहतो तो बायको त्याच्याच जिवलग मित्राच्या मिठीत. मग तो काळा चष्मा लावून, परका श्रीमंत म्हणून परत येतो, आणि तो आपला नवरा आहे हे बायकोला ओळखू येत नाही! नुसता चष्मा लावला की सख्खी माणसंसुद्धा ओळखत नाहीत, या सिद्धांतावर आपला हिंदी सिनेमा पुढे कित्येक वर्षं जगला. त्याचं थोडं ऋण बाईंच्या नावे मांडायला हरकत नाही.

आता थोडा अर्थशास्त्राचा भाग, कारण त्याशिवाय बाईंचा पुढचा पराक्रम कळायचा नाही. त्या काळी इंग्रजी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत असे साडेएकतीस शिलिंग. इतके पैसे टाकून कादंबरी घेणारा माणूस सहसा सापडत नसे. म्हणून लोक मुडीच्या फिरत्या वाचनालयाचे सभासद होत. वर्षाला एक गिनी भरली की एका वेळी एक खंड. तीन खंडांची कादंबरी एकाच घरात एकदम वाचायची तर एका गिनीत भागत नसे! लांबण लावायचं इंग्रजी कादंबरीकारांचं व्यसन पुष्कळसं या हिशोबातून आलेलं आहे. 1894 मध्ये वाचनालयांनाच हा बोजा झेपेना आणि त्यांनी तीन खंडांची पद्धत मोडीत काढली. कादंबरी एका खंडात, सहा शिलिंगांत मिळू लागली. सामान्य माणूस प्रथमच दुकानात शिरून नवी कोरी कादंबरी विकत घेऊ लागला. आणि नेमक्या त्या मुहूर्तावर, 1895 मध्ये, कोरेलीबाईंनी ‘द सॉरोज ऑफ सेटन’, म्हणजे सैतानाची दुःखं, बाजारात आणली.

त्याच्या आधी 1893 मध्ये ‘बराब्बस’ आली होती. तीत येशूच्या कथेत बाईंनी पदरचा मसाला घातला म्हणून टीकाकारांनी त्यांना सोलून काढलं होतं. बाईंनी त्याचा हिशोब चुकता केला. नव्या कादंबरीच्या आरंभीच त्यांनी सूचना छापली, की या पुस्तकाची एकही प्रत अभिप्रायार्थ पाठवलेली नाही. टीकाकार मंडळींनी ती इतरांसारखी दुकानातून किंवा वाचनालयातून मिळवावी. फुकट मिळालेल्या पुस्तकांवर ज्यांची कपाटं भरतात, त्यांच्या वर्मावरच घाव! परिणाम इतकाच झाला, की कादंबरीने तोवरचे खपाचे सगळे विक्रम मोडले.

या कादंबरीतला सैतान मोठा मनाला चटका लावणारा आहे. लुचो रिमानेझ नावाचा देखणा राजपुत्र बनून तो लंडनच्या उच्चभ्रू समाजात वावरतो. माणसांना मोहात पाडणं ही त्याला झालेली शिक्षा आहे. मोहाला नकार देणारा एक माणूस भेटला, की त्याचं पाऊल स्वर्गाकडे थोडं सरकतं. बिचारा रोज आशेने माणसांना पैसा, पद, कीर्ती देऊ करतो, आणि एकही पठ्ठ्या नको म्हणत नाही! एकच व्यक्ती त्याला ठाम नकार देते. ती म्हणजे मेव्हिस क्लेअर ही तरुण, सुंदर, साध्वी कादंबरीकर्ती. वाचकांची लाडकी, टीकाकारांच्या डोळ्यांत सलणारी. तिने आपल्या कबुतरांना टीकाकारांच्या नियतकालिकांची नावं दिलेली आहेत. शेवटी सैतान तिलाच विनवतो, की माझ्यासाठी प्रार्थना कर. मेव्हिस क्लेअर आणि मेरी कोरेली यांची आद्याक्षरं एकच कशी, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, की तो योगायोग. स्वतःला कादंबरीत घालणारे लेखक पुष्कळ झाले. पण प्रत्यक्ष सैतानाकडून प्रशस्तिपत्र घेणाऱ्या कोरेलीबाईच!

साहजिकच विद्वानांच्या बैठकीत बाई हा कायमचा विनोद झाला. ऑस्कर वाइल्डची एक आख्यायिका आहे. तो तुरुंगात असताना एका पहारेकऱ्याने त्याला भाबडेपणाने विचारलं, कोरेली ही थोर लेखिका आहे का हो? वाइल्ड म्हणाला, की तिच्या वर्तनाबद्दल माझी काही तक्रार नाही, पण तिचं लेखन बघता ती इथे आत असायला हवी. पण पहारेकऱ्याने कोणाबद्दल विचारलं ते पाहा. वाइल्ड आत होता, आणि दाराबाहेर कोरेली वाचली जात होती.

घरचा अहेर तर आणखी वेगळा. मॅकेच्या पहिल्या लग्नाचा मुलगा एरिक हा कवी होता, म्हणजे विशेष काही करत नव्हता. बाईंनी त्याला वर्षानुवर्षं पोसलं, त्याच्या कवितांचा डंका पिटला. आणि बहिणीच्या कादंबऱ्यांमागे आपलाच हात आहे असा लोकांचा समज होऊ द्यायला या भाऊरायाची अजिबात ना नसे! 1898 मध्ये तो वारला. बाईंना अखेरपर्यंत निरपेक्ष साथ लाभली ती एकाच व्यक्तीची, बर्था व्हायव्हर या मैत्रिणीची. चाळीसहून अधिक वर्षं दोघी एका घरात राहिल्या. त्या नात्याला काय म्हणावं यावर अभ्यासक आज वाद घालतात. घरातल्या शेकोटीवर मात्र दोघींची आद्याक्षरं एकत्र कोरलेली आहेत.

ते घर होतं शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला. 1899 मध्ये बाई तिकडे राहायला गेल्या आणि गावाची शांतता संपली. त्यांनी व्हेनिसहून खरोखरीची एक गोंडोला होडी आणवली, ‘ड्रीम’ नावाची, आणि तिच्याबरोबर खरोखरीचा इटालियन नावाडीही आणवला. नावाडी पिऊन दंगा करायला लागला तेव्हा त्याला परत धाडलं आणि माळ्याच्या हाती वल्हं दिलं. एव्हन नदीत इटालियन होडी, तीत इंग्रज माळी आणि मध्यभागी पांढऱ्या झालरी लावून बसलेल्या ठेंगण्या कोरेलीबाई, हे दृश्य बघायला काठावर लोक जमत. 1907 मध्ये मार्क ट्वेन इंग्लंडला आला होता. बाईंनी त्या थकल्याभागल्या म्हाताऱ्याला आग्रह करकरून स्ट्रॅटफर्डला जेवायला ओढलं आणि जेवणावर भाषणही करायला लावलं. त्याने नंतर याचा जो सूड घेतला तो कागदावर उतरलेला आहे. त्याने म्हटलं, की बाई पन्नाशीच्या असून सोळा वर्षांच्या मुलीसारखा पोशाख करतात. बाई तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या हिशोबाने त्रेचाळीस. वयाचे तीन आकडे, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही!

पण हसता हसता एक गोष्ट नजरेआड होते. व्हिक्टोरिया राणीच्या मर्जीतले सर थिओडोर मार्टिन यांनी आपल्या दिवंगत अभिनेत्री पत्नीचं शिल्प चर्चमध्ये शेक्सपिअरच्या स्मारकासमोरच बसवायचं ठरवलं, तेव्हा गावातले मातब्बर गप्प होते. बाईंनी ओरडा केला आणि तो बेत बारगळला. मग अमेरिकन लक्षाधीश कार्नेगीच्या पैशाने हेन्ली स्ट्रीटवर, शेक्सपिअरच्या जन्मघराला लागून, नवं वाचनालय बांधायचं ठरलं. त्यासाठी तिथली जुनी घरं पाडायची होती. ठरवणारे कोण? शेक्सपिअरच्या वारशाचे अधिकृत विश्वस्त! बाई पुन्हा उठल्या. वर्तमानपत्रांतून पत्रं, पत्रकं, सभा, भांडणं. ज्या बाईला इंग्रजी नीट लिहिता येत नाही असं विद्वान म्हणत, ती एकटी शेक्सपिअरच्या शेजाऱ्यांची घरं वाचवायला उभी राहिली.

गावातल्या एका व्यापाऱ्याने छापून आणलं, की हा सगळा जळफळाट आहे. बाईंनाच तिथे स्वतः वाचनालय बांधून द्यायचं होतं, कार्नेगीने आधी नंबर लावला इतकंच. बाईंनी बेअब्रूची फिर्याद लावली. 1903 मध्ये निकाल लागला. बाई जिंकल्या. नुकसानभरपाई किती? एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. पौंडात अशा नऊशे साठ फार्दिंग बसत. आपल्या भाषेत, एक दमडी. आरोप खोटा आहे, पण तुमच्या अब्रूची किंमत एवढीच, असा त्याचा अर्थ. लाखांनी खपणाऱ्या लेखिकेच्या तळहातावर इंग्लंडच्या न्यायाने ही दमडी ठेवली आणि गाव पोट धरधरून हसलं.

बाई सगळ्याच बाबतींत शहाण्या होत्या असा माझा दावा नाही. स्वतःच्या लेखणीवर घर, माणसं आणि होडी पोसणाऱ्या या बाईने स्त्रियांच्या मताधिकाराविरुद्ध 1907 मध्ये पुस्तिका लिहिली. महायुद्धात तिच्या घरी साखरेचा साठा सापडला. मुरांबे करायला ठेवली होती, असं तिचं म्हणणं. दंड झाला 50 पौंड. ज्यांनी रेशनच्या रांगेत साखरेसाठी पिशव्या धरल्या आहेत, त्यांनी ठरवावं या गुन्ह्याला हसायचं की उसासा टाकायचा. पण हिशोब पाहा. अब्रूला एक दमडी आणि साखरेला पन्नास पौंड!

21 एप्रिल 1924 ला कोरेलीबाई वारल्या. शेक्सपिअरचा वाढदिवस गाव साजरा करतं तो 23 एप्रिलला, म्हणजे तेव्हा गावात पाहुण्यांची गर्दी असणार. गर्दीची हौस असलेल्या बाईंनी मुहूर्त बरोबर साधला. 1926 मध्ये ग्रिफिथने त्यांच्या सैतानावर मूकपट काढला. पण पुस्तकांचा खप युद्धानंतर ओसरला तो ओसरलाच. पुढे बर्थाही गेली, घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला, आणि टीकाकारांचं म्हणणं खरं ठरलं, की हे लेखन टिकायचं नाही. मीही त्यांच्याशी भांडत नाही. विजेवरचा मोक्ष आज मलाही चालवून घेता आला नाही.

टिकलं ते दुसरंच. हेन्ली स्ट्रीटवरचं वाचनालय झालं खरं, पण जुन्या लाकडी चौकटीच्या घराचा तोंडवळा राखून. हाय स्ट्रीटवरच्या जुन्या घरांवरचे गिलावे उतरवून आतलं काळं लाकूड उघडं करायला बाईंनी मालकांच्या मागे लागून, पदरमोड करून भाग पाडलं. हार्वर्ड विद्यापीठाला ज्याचं नाव आहे त्या जॉन हार्वर्डच्या आईचं घर पडायला आलं होतं. शिकागोच्या एका धनिकाला गळ घालून बाईंनी ते 1909 मध्ये दुरुस्त करून घेतलं. आणि त्यांचं स्वतःचं राहतं घर, मेसन क्रॉफ्ट? तिथे 1951 पासून बर्मिंगहॅम विद्यापीठाची शेक्सपिअर संस्था आहे. बाईंचं इंग्रजी वाचून ज्यांना घेरी आली असती, असे विद्वान तिथे बसून शेक्सपिअरचा अभ्यास करतात.

आणि स्ट्रॅटफर्डला दरवर्षी जगभरातून लाखो माणसं जातात. शेक्सपिअर वाचायला नव्हे. तो घरीही वाचता येतो, आणि बहुतेक जण घरीही वाचत नाहीत. ती जातात काळ्या लाकडाची, वाकलेल्या छपरांची जुनी घरं बघायला, त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायला आणि मग समोरच्या दुकानात चहा प्यायला. चहाचे पैसे गावाला मिळतात. आम्हा बँकवाल्यांना चक्रवाढीचा हिशोब कळतो. कोरेलीबाईंच्या पदरात पडली एक दमडी. तिच्यावरचं व्याज गाव अजून खातं आहे.